थांबवलंस की संपवलंस? कंट्रोल-झेडची गोष्ट

इअरफोन लावलेत? लोकलमध्ये असाल, पीएमटीत असाल, नाहीतर जेवण झाल्यावर गच्चीत फेऱ्या मारत असाल, सगळ्यांचं स्वागत. आणि जे ऐकण्याऐवजी हे लिखित रूप वाचतायत त्यांचंही स्वागत. आजचा भाग दोन बटणांच्या एका जोडीबद्दल आहे: कंट्रोल आणि झेड.

तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं, कंट्रोल-झेड म्हणजे अनडू. झालेली चूक मागे घ्यायची. बरोबर आहे. वर्डमध्ये, एक्सेलमध्ये, फोटो एडिट करताना तेच होतं. पण लिनक्स किंवा मॅकच्या काळ्या टर्मिनलमध्ये हीच जोडी दाबली की भलतंच काहीतरी होतं. ते भलतंच काय, हे मला नीट माहीत नव्हतं. त्यापायी एकदा एका गोदामाच्या गेटवर सकाळी ट्रकची रांग लागली होती. आधी तो किस्सा सांगतो, मग इतिहासाकडे जाऊ.

पहिल्या नोकरीतली गोष्ट. कंपनीचं नाव राहू दे. एका क्लायंटच्या गोदामाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. रात्री अकराच्या सुमाराला डेटाबेसमधला एक मोठा टेबल दुरुस्त करायची स्क्रिप्ट मी चालू केली. अर्ध्यावर लक्षात आलं की एका कॉलमचं गणित चुकतंय. घाबरलो, आणि बोटं आपोआप कंट्रोल-झेडवर गेली. स्क्रीनवर एक शब्द उमटला: स्टॉप्ड. मी म्हटलं, चला, थांबली एकदाची. उद्या सकाळी नीट करू. लॅपटॉप बंद केला आणि झोपलो.

सकाळी सात वाजता फोन. गोदामात एकही गेटपास निघत नाहीये. ट्रक भरून उभे, ड्रायव्हर शिव्या घालतायत, आणि सिस्टीम नुसती गोल गोल फिरतेय. आमच्या टीमच्या सीनियर मॅडम कॉलवर आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: "तू ती स्क्रिप्ट थांबवलीस की संपवलीस?"

मला प्रश्नच कळला नाही. थांबवणं आणि संपवणं यात फरक काय?

फरक असा होता. माझी स्क्रिप्ट मेली नव्हती. ती सर्व्हरवर जिथल्या तिथे गोठून उभी होती. डेटाबेसशी तिचं कनेक्शन चालू, ट्रान्झॅक्शन अर्धवट उघडं, आणि त्या टेबलवरचं कुलूप तिच्याच हातात. डेटाबेस बिचारा रात्रभर वाट बघत बसला की ही बाई पुढे काय म्हणतेय. गेटपास लिहायला येणारी प्रत्येक विनंती त्या कुलपापाशी अडत होती. मॅडमनी मला त्या सेशनमध्ये परत जायला सांगितलं, एफजी एवढी दोन अक्षरं टाइप करायला लावली, आणि मग कंट्रोल-सी. स्क्रिप्ट खरोखर संपली, डेटाबेसने अर्धवट काम मागे घेतलं, कुलूप सुटलं, गेटपास निघायला लागले. दोन तासांचा गोंधळ वीस सेकंदांत मिटला.

आपल्याकडे एखादं काम ना पूर्ण, ना रद्द, असं लोंबकळत ठेवलं की त्याला भिजत घोंगडं म्हणतात. माझी स्क्रिप्ट म्हणजे अक्षरशः भिजत घोंगडं होती. बादलीत पडलेलं, बादलीही अडवून बसलेलं.

त्या दिवसापासून मला एक प्रश्न छळत होता. असं बटण बनवलंच का कुणी? शोधत गेलो तर गोष्ट बॉस्टनजवळच्या एका लॅबमधून निघाली, ऑस्ट्रियातल्या एका राजवाड्यात गेली, तिथून कॅलिफोर्नियाला पोचली आणि शेवटी आपल्या खिशात आली.

एक जोडी, चार अर्थ

सुरुवात करू आकड्यांपासून. १९६३ मध्ये अमेरिकेत आस्की नावाचं कोष्टक ठरलं. प्रत्येक अक्षराला एक नंबर. इंग्रजी मोठ्या झेडचा नंबर ९०, मोठ्या सीचा ६७. कंट्रोल बटणाचं काम सोपं होतं: त्या नंबरातून ६४ वजा करायचे. म्हणजे कंट्रोल-सी दाबलं की ३ जातो, कंट्रोल-झेड दाबलं की २६ जातो. झेड हे सव्विसावं अक्षर, नंबरही २६. जादू काही नाही.

हे ३२ च्या आतले नंबर छापायचे नव्हतेच. ते यंत्राला द्यायच्या खुणा होत्या: मजकूर संपला, घंटी वाजव, कागद पुढे सरकव. त्यात २६ या खुणेचं नाव होतं सब्स्टिट्यूट. अक्षर खराब आलं तर त्याच्या जागी ठेवायची खूण. प्रत्यक्षात त्याचा फार उपयोग होत नव्हता, म्हणजे २६ नंबरची खोली जवळजवळ रिकामीच होती. मग ज्याने त्याने त्यात आपलं सामान टाकलं.

गॅरी किल्डाल यांच्या सीपी-एम या सिस्टीममध्ये फाइलची लांबी १२८ बाइटच्या तुकड्यांत मोजली जायची. शेवटच्या तुकड्यात खरा मजकूर कुठे संपला ते कळायला एक खूण लागायची, ती म्हणजे हाच २६. ती पद्धत पुढे डॉसमध्ये आली, डॉसमधून विंडोजमध्ये. म्हणून आजही विंडोजवर पायथॉन उघडलंत तर बाहेर पडायला कंट्रोल-झेड आणि एंटर दाबावं लागतं.

आता कळलं का माझी बोटं तिकडे का गेली? इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये चार वर्षं विंडोजवर पायथॉन केलेलं. कंट्रोल-झेड म्हणजे "बाहेर पड" हे डोक्यात पक्कं बसलेलं. तिसरा अर्थ ॲपलच्या लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) यांनी रूढ केला. खालच्या ओळीतली झेड, एक्स, सी, व्ही ही शेजारची बटणं अनडू, कट, कॉपी, पेस्टला दिली. तिथे कंट्रोलऐवजी ॲपलचं स्वतःचं बटण होतं, पण अक्षरं तीच, आणि विंडोजनेही पुढे तीच उचलली. चौथा अर्थ युनिक्सचा: हातातलं काम गोठवून बाजूला ठेव. माझी गडबड दुसऱ्या आणि चौथ्या अर्थाच्या मध्ये झाली.

पडदा एकच, कामं अनेक

युनिक्सला हा चौथा अर्थ का लागला? त्यासाठी १९७० च्या दशकातल्या टर्मिनलसमोर बसावं लागेल. टर्मिनल म्हणजे एक कीबोर्ड आणि एक टाइपरायटर. टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरं कागदावर ठोकायचं. नंतर काचेचे पडदे आले, ८० अक्षरं रुंद, २४ ओळी उंच. पण विंडो नाही, टॅब नाही, माउस नाही. संगणक दूर कुठेतरी खोलीत, आणि तुमच्याकडे फक्त ही एक खिडकी.

युनिक्समध्ये एका वेळी अनेक कामं चालवायची सोय मात्र अगदी सुरुवातीपासून होती. कमांडच्या शेवटी अँड हे चिन्ह टाकायचं, ते आठच्या आकड्यासारखं वळसे घेतलेलं. की काम मागे चालू राहतं आणि प्रॉम्प्ट लगेच परत मिळतो. केन थॉम्पसन यांच्या पहिल्या शेलमध्ये, १९७१ च्या आसपास, हे होतं.

अडचण अशी की हा निर्णय आधीच घ्यावा लागायचा. कुकर लावायच्या आधीच ठरवायचं की मी समोर उभं राहणार का हॉलमध्ये जाणार. एकदा काम पुढे चालू केलं की ते संपेपर्यंत समोर बसा, नाहीतर ते मारून टाका. आणि एकदा मागे टाकलं की पुढे आणता येणार नाही. एडिटरमध्ये पत्र लिहिताय, मध्येच एक फाइल बघायचीय, तर एडिटरच्या पोटातून नवा शेल काढायचा, त्यातलं काम झालं की तो बंद करून परत यायचं. पोटात पोट, त्यात अजून एक पोट. तिसऱ्या पोटात गेल्यावर आपण कुठे आहोत तेच विसरायला व्हायचं.

मधला मार्ग हवा होता. चालू काम, आहे त्या जागी, न मारता थांबवायचं. दुसरं काहीतरी करायचं. मग परत यायचं.

डीबगर हाच शेल

हा मधला मार्ग आधीपासून एका ठिकाणी होता. एमआयटीच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स लॅबमध्ये आयटीएस नावाची ऑपरेटिंग सिस्टीम होती. पूर्ण नाव इनकंपॅटिबल टाइमशेअरिंग सिस्टीम. एमआयटीतच आधी कंपॅटिबल टाइमशेअरिंग सिस्टीम होती, तिची टिंगल म्हणून हे नाव. १९६० च्या दशकाच्या शेवटी ती पीडीपी-६ या मशीनवर सुरू झाली, नंतर पीडीपी-१० वर गेली. सुरुवातीच्या काळात तिथे पासवर्डसुद्धा नव्हते. ज्याला यायचं त्याने यावं.

आयटीएसची गंमत अशी की लॉगिन केल्यावर समोर जो प्रोग्राम यायचा, तो मुळात डीबगर होता. डीडीटी त्याचं नाव. डीबगरचं कामच असतं चालत्या प्रोग्रामला थांबवणं, त्याच्या पोटात डोकावणं आणि परत चालू करणं. म्हणून तिथल्या लोकांना थांबवून ठेवलेला प्रोग्राम ही काही विशेष गोष्ट वाटत नव्हती. कंट्रोल-झेड दाबलं की चालू जॉब थांबायचा आणि तुम्ही डीडीटीकडे परत यायचा. मग त्याला पुढे चालू ठेवा, मागे चालू ठेवा, नाहीतर मारून टाका. मागे चाललेल्या जॉबला काही विचारायचं असेल, तर तो एकदम पडद्यावर येऊन धिंगाणा घालायचा नाही. डीडीटी सांगायचा की अमुक जॉबला टर्मिनल हवंय. द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

म्हणजे टर्मिनल एक, मालक एका वेळी एक, आणि मालकी कुणाला द्यायची ते माणूस ठरवणार. पुढचा सगळा इतिहास याच एका कल्पनेचा आहे.

राजवाड्यातला प्रोग्रामर

आता चला ऑस्ट्रियात. व्हिएन्नापासून साधारण पंधरा किलोमीटर दक्षिणेला लाक्सनबर्ग नावाचं गाव आहे. तिथे हॅब्सबर्ग राजघराण्याचा उन्हाळी राजवाडा आहे. या राजवाड्यात १९७० च्या दशकात एक संशोधन संस्था आली: इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर अप्लाइड सिस्टिम्स ॲनालिसिस, थोडक्यात आयआयएएसए.

ही संस्था साधीसुधी नव्हती. शीतयुद्ध जोरात होतं. १९७२ मध्ये बारा देशांच्या संस्थांनी लंडनमध्ये सही करून ती उभी केली. त्यात अमेरिका होती आणि सोव्हिएत संघही. पश्चिम जर्मनी आणि पूर्व जर्मनी दोघेही. ऊर्जा, पाणी, लोकसंख्या, पर्यावरण असे प्रश्न सीमा बघत नाहीत, मग दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांनी एका छताखाली बसून त्यांची गणितं मांडावीत, हा हेतू. ऑस्ट्रिया तटस्थ देश, म्हणून जागा तिथली. पुढे बऱ्याच वर्षांनी भारतही या संस्थेचा सदस्य झाला.

गणितं मांडायची तर संगणक हवा, आणि संगणक सांभाळायला माणसं हवीत. तिथे जिम कल्प नावाचे प्रोग्रामर होते आणि युनिक्स वापरलं जात होतं. कल्प यांनी युनिक्समध्ये आयटीएसच्या वळणाची सोय बसवली: चालू जॉब थांबवा, मागे पाठवा, पुढे आणा. नुसता शेल बदलून हे होत नाही. कर्नललाही कळावं लागतं की प्रोसेस "थांबलेली" असू शकते, मेलेली नाही आणि चालूही नाही.

या माणसाबद्दल आज सहज सापडणारी माहिती फार थोडी आहे. ठळक पुरावा म्हणजे सी शेलच्या मॅन्युअल पेजच्या शेवटची एक नोंद. त्यात म्हटलंय की जॉब कंट्रोल आणि डिरेक्टरी स्टॅक या सोयी पहिल्यांदा ऑस्ट्रियातल्या लाक्सनबर्गच्या आयआयएएसएमधल्या जे. ई. कल्प यांनी केल्या, फक्त तेव्हाची लिहायची पद्धत आताच्यापेक्षा वेगळी होती. बस, एवढंच. जगातले लाखो लोक रोज वापरतात त्या सोयीच्या कर्त्याला मॅन्युअलच्या तळाशी एक वाक्य. पण ते वाक्य निदान कुणीतरी लिहिलं, हेही कमी नाही. आपल्या ऑफिसात किती जण लिहितात सांगा.

बर्कलीचा बिल जॉय

ते वाक्य लिहिलं गेलं बर्कलीत, कॅलिफोर्निया विद्यापीठात. तिथे बिल जॉय नावाचा विद्यार्थी होता. १९७५ मध्ये तो पदव्युत्तर शिक्षणाला आला, आणि त्याच वर्षी केन थॉम्पसन तिथे पाहुणे प्राध्यापक म्हणून आले होते. जॉयने व्हीआय हा एडिटर लिहिला. सी शेलही त्याचाच. या दोन्ही गोष्टी १९७९ च्या टू-बीएसडी या टेपमधून इतर विद्यापीठांत गेल्या. पुढे १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स काढणाऱ्यांपैकी तो एक.

१९८० मध्ये बर्कलीला अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पाकडून युनिक्ससाठी पैसे मिळाले, आणि त्याच वर्षी व्हॅक्स मशीनसाठी फोर-बीएसडी आलं. त्यात जॉयने कल्प यांचं जॉब कंट्रोल घेतलं. शेलमध्ये जॉब्स, एफजी, बीजी या कमांड आल्या, आणि टर्मिनल सांभाळणारा नवा ड्रायव्हर आला. गंमत म्हणजे तो ड्रायव्हर आपोआप चालू नसायचा. आधी "मला नवा ड्रायव्हर दे" असं सांगावं लागायचं, तेव्हा कुठे कंट्रोल-झेड चालायचं.

एक गोष्ट इथे फार महत्त्वाची. जॉयने एडिटरही लिहिला होता आणि शेलही. एडिटर टर्मिनलला स्वतःच्या ताब्यात घेतो, सगळी बटणं थेट स्वतः वाचतो. त्याला आहे तसं गोठवलं तर शेलच्या हाती विस्कटलेलं टर्मिनल येईल. म्हणून कंट्रोल-झेडचा सिग्नल असा ठेवला की प्रोग्राम तो पकडू शकतो, आधी आवराआवर करतो, मग स्वतःहून थांबतो. आजही विममध्ये कंट्रोल-झेड दाबलंत की पडदा स्वच्छ होऊन प्रॉम्प्ट येतो, आणि एफजी म्हटलं की फाइल आहे त्या जागी परत येते.

आत नक्की काय होतं

आता थोडं आतलं बघू. घाबरू नका, पाच मिनिटांचं काम आहे.

तुम्ही कंट्रोल-झेड दाबता तेव्हा नंबर २६ प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही. वाटेत कर्नलमधला टर्मिनल ड्रायव्हर त्याला अडवतो. तो बघतो, आत्ता या टर्मिनलचा मालक कोणता गट आहे? गट अशासाठी, की पाइप लावून तीन कमांड जोडल्या असतील तर तिघींना एकदम थांबवायला हवं. त्या सगळ्या गटाला सिग-टी-एस-टी-पी नावाचा सिग्नल जातो. तुमच्या आमच्या लॅपटॉपवरच्या लिनक्समध्ये याचा नंबर २०. सगळे थांबतात. शेलला कळतं, तो टर्मिनल स्वतःकडे घेतो आणि प्रॉम्प्ट दाखवतो.

एफजी म्हटलंत की शेल टर्मिनल त्या गटाच्या हाती देतो आणि सिग-कंट हा सिग्नल पाठवतो, नंबर १८. म्हणजे "चल, पुढे चालू". बीजी म्हटलंत की फक्त "चालू" म्हणतो, टर्मिनल देत नाही. आणि मागच्या जॉबने आगाऊपणा करून कीबोर्ड वाचायचा प्रयत्न केला, तर त्याला सिग-टी-टी-इन हा सिग्नल मिळतो, आणि तो थांबून उभा राहतो. आयटीएसमधलं "अमुक जॉबला टर्मिनल हवंय" आठवलं? तेच, फक्त कपडे बदलून.

आणखी दोन सिग्नल लक्षात ठेवा. सिग-स्टॉप, नंबर १९, हाही थांबवतो, पण याला कुणी अडवू शकत नाही. आणि कंट्रोल-सीचा सिग-इंट, नंबर २, तो साधारणपणे संपवतो. थांबवणं २०, संपवणं २. मॅडमचा प्रश्न म्हणजे खरं तर एवढाच होता: तू कितवा नंबर पाठवलास?

थांबलेली प्रोसेस सीपीयू खात नाही. पण तिची मेमरी, उघड्या फाइली, नेटवर्कचे पोर्ट, डेटाबेसची कुलपं, सगळं तिच्याकडेच राहतं. वेब सर्व्हर कंट्रोल-झेडने "बंद" करून पुन्हा चालू करायला गेलात आणि पोर्ट आधीच वापरात आहे असा एरर आला, तर कारण हेच. जुना सर्व्हर गोठून दाराशी उभा आहे.

मग माझी स्क्रिप्ट लॅपटॉप बंद केल्यावर मेली का नाही? साधं कनेक्शन तुटलं असतं तर थांबलेल्या जॉबला हँग-अपचा सिग्नल मिळून तो बहुधा संपलाच असता. हँग-अप हा शब्द टेलिफोनच्या काळातला, समोरच्याने फोन ठेवला असा. पण मी टीमक्सच्या आत काम करत होतो. टीमक्सचं कामच ते, तुमचा फोन ठेवला गेला तरी आतल्या मंडळींना कळू न देणं. शहाणपणाने लावलेलं टीमक्स आणि अज्ञानाने दाबलेलं कंट्रोल-झेड, दोघांनी मिळून गेट अडवलं.

सगळ्यांना आवडलं असं नाही

ही सोय सगळ्यांनी आनंदाने घेतली असं समजू नका. युनिक्स जिथे जन्मलं त्या एटी अँड टीने त्यांच्या सिस्टीम-फाइव्हमध्ये ती बराच काळ घेतली नाही. १९८४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी शेल लेयर्स नावाचं स्वतःचं उत्तर दिलं. एका टर्मिनलवर सात शेल, आणि एकातून दुसऱ्यात जायचं. जायचं बटण कोणतं? कंट्रोल-झेडच! भांडण कल्पनेवर होतं, बटणावर नाही.

बेल लॅब्जच्या संशोधकांचं म्हणणं आणखी वेगळं होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉब पाइक आणि बार्ट लोकांथी यांनी ब्लिट नावाचं ग्राफिक टर्मिनल केलं. एका पडद्यावर अनेक विंडो, प्रत्येकीत वेगळा प्रोग्राम. विंडो असतील तर जॉब थांबवून बाजूला ठेवायची कसरत हवीच कशाला? त्यांच्या पुढच्या प्लॅन-नाइन या सिस्टीममध्ये जॉब कंट्रोल ठेवलंच नाही. आणि खरं सांगू, त्यांचा मुद्दा खोटा नाही. आज मीसुद्धा बऱ्याचदा कंट्रोल-झेडऐवजी दुसरा टॅब उघडतो.

तरी जॉब कंट्रोल टिकलं. १९८८ च्या पॉझिक्स प्रमाणात ते ऐच्छिक म्हणून आलं, २००१ मध्ये सक्तीचं झालं. डेव्हिड कॉर्न यांच्या कॉर्न शेलने ते घेतलं. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी बॅश आणला, त्यातही ते होतं. ग्नूचे जनक रिचर्ड स्टॉलमन हे मूळचे कुठले? एमआयटीच्या त्याच लॅबचे, आयटीएस वापरणारे. लिनक्समध्ये १९९२ च्या सुरुवातीच्या ०.१२ आवृत्तीत थिओडोर त्सो यांनी जॉब कंट्रोल बसवलं. तेही एमआयटीचेच. आयटीएसची मशीन मात्र तोपर्यंत, १९९० मध्ये, बंद झाली होती. सिस्टीम गेली, सवय राहिली.

टिकण्याचं कारण मला तरी असं वाटतं. विंडो तुम्ही आधी उघडून ठेवता. पण काम हातात असताना मध्येच कुणी हाक मारली, तर हातातलं न टाकता बाजूला ठेवण्याची सोय लागतेच. दूरच्या सर्व्हरवर, कमकुवत नेटवर, एकाच काळ्या खिडकीत बसलेल्या माणसाची अवस्था आजही १९८० सारखीच असते.

तुमच्या खिशात

आता तुमच्या फोनकडे या. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नल आहे. हा भाग ऐकताना तुम्ही व्हॉट्सॲप उघडलंत, तर पॉडकास्टचं ॲप मागे गेलं आणि आवाज चालू राहिला, हे बीजीसारखंच. आणि बराच वेळ न वापरलेली ॲप्स नवीन अँड्रॉइड गोठवून ठेवतं. त्याची यंत्रणा वेगळी आहे, सिग्नलची नाही, पण कल्पना तीच: मारू नकोस, थांबव. फरक एवढाच की तिथे कुणाला थांबवायचं ते फोन ठरवतो, टर्मिनलवर ते तुम्ही ठरवता.

हे स्वतः करून बघायला लॅपटॉपही लागत नाही. टर्मक्स हे ॲप घ्या. त्यात आवाज कमी करायचं बटण कंट्रोलचं काम करतं. स्लीप ३०० अशी कमांड द्या, म्हणजे पाच मिनिटं नुसतं झोपून राहा. मग आवाज कमीचं बटण धरून झेड दाबा. स्टॉप्ड दिसेल. जॉब्स टाइप करा, यादी दिसेल, पुढे चौकटी कंसात एक. बीजी म्हणा, तो मागे चालू होईल. एफजी म्हणा, पुढे येईल. आणि खरंच संपवायचा असेल तर कंट्रोल-सी. मागे असेल तर किल, मग टक्क्याचं चिन्ह आणि त्याचा नंबर. एक खाचखळगा: जॉब थांबलेला असेल तर साधा किल तो पुन्हा चालू होईपर्यंत वाट बघतो, शेल बहुतेकदा ते काम स्वतः करतो, पण खात्री करायला पुन्हा एकदा जॉब्स म्हणून बघा.

मी आता एक सवय लावून घेतलीय. सर्व्हरवरून बाहेर पडायच्या आधी जॉब्स ही कमांड देतो. यादी रिकामी असेल तरच लॅपटॉप बंद. बॅशसुद्धा बाहेर पडताना थांबलेले जॉब आहेत म्हणून एकदा बजावतो. तो इशारा मी पूर्वी दोनदा एक्झिट टाइप करून उडवून लावायचो. आता वाचतो.

त्या सकाळी सगळं मिटल्यावर मी मॅडमना म्हटलं, "सॉरी मॅम, मला वाटलं थांबली म्हणजे झालं." त्या म्हणाल्या, "अरे, थांबवणं वाईट नाही. थांबवून विसरणं वाईट. ड्रायव्हर लोकांना सॉरी म्हण, मला नको." मग मी गोदामाच्या सुपरवायझरना फोन लावला. त्यांना ट्रान्झॅक्शन, सिग्नल काही सांगितलं नाही. म्हटलं, "काका, रात्री कुलूप लावून किल्ली खिशात घेऊन झोपलो मी." ते हसले, म्हणाले, "असं होय. मग पुढच्या वेळी किल्ली खुंटीला लावत जा."

तर मंडळी, आज घरी गेल्यावर टर्मिनल उघडा आणि एकदा जॉब्स टाइप करून बघा. कुणी भिजत पडलं असेल तर आधी त्याचं काय ते ठरवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या.